चादरीखालची मोजणी

सत्यशीला पांढरकवड्याला माझ्या घरात मागच्या खोलीत भाड्याने राहते. वनहक्काच्या दाव्यांसाठी शेते मोजणाऱ्या संस्थेत ती काम करते. संस्थेला पहिला लॅपटॉप मिळाला, तेव्हा त्याला जोडायचे जीपीएस यंत्र निवडायला तिला नागपूरला पाठवले. दुकानदाराने हातात धरायचे, स्वतःचा पडदा असलेले यंत्र पुढे केले. “पडदा कशाला? आमच्याकडे लॅपटॉप आहे,” असे ऐटीत सांगून तिने तारेने जोडायचे, बिनपडद्याचे यंत्र आणले.

पहिले शेत झरी जामणीकडच्या उकंडाचे. मोजणीशिवाय त्याचा दावा पुढे सरकणार नव्हता, म्हणून कापसाच्या त्या वाईट वर्षातही त्याने त्या दिवसाची वेचणी थांबवली होती. उन्हात लॅपटॉपवर नकाशा दिसेना. त्याच्या बायकोने घरातून चादर आणली, लग्नात नवरीवर धरतात तशी चौघांनी तिची टोके धरली आणि सत्यशीला खालून चालू लागली.

“बाई, नवरदेव कुठी हाय?” उकंडाने विचारले. सगळ्यांबरोबर तीही हसली.

अर्धा धुरा, म्हणजे शेताचा बांध, चालून झाला आणि लॅपटॉपची बॅटरी संपली. गावात वीज नव्हती.

“झाली का मोजनी?”

“नाही, भाऊ. माझं चुकलं.”

“मंग उद्या वेचनी करतो,” एवढेच तो म्हणाला. हे मला सांगताना तिने मान वर केली नाही.

पुढच्या खेपेला ती दुकानदाराने दाखवले होते तसले, उन्हातही पडदा दिसणारे हातातले यंत्र घेऊन गेली. उकंडाची बायको धुतलेल्या चादरीची घडी घेऊन धुऱ्यावर उभी होती. आता चादर लागत नाही, हे सांगायचा सत्यशीलाला धीर झाला नाही. सगळे शेत ती त्या चादरीखालूनच चालली.