संभाजीची चाळीस कलमं

काटेवाडीच्या धोंडाबाईच्या घरी संभाजीच्या नावानं कार्ड आलं, तेव्हा संभाजीला जाऊन दोन महिने झाले होते. चोपन्न सालची गोष्ट. माघात मुदतीचा ताप आला आणि एकविसाव्या दिवशी तिच्या एकुलत्या एका लेकाला घेऊन गेला. धोंडाबाईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या महिपतीनं ओट्यावर बसून कार्ड वाचून दाखवलं. बारामतीच्या एका रोपांच्या बागेतून आलं होतं. तुम्ही निवडून ठेवलेली मोसंबीची चाळीस कलमं आठ दिवसांत न्यावीत, विहीर आटली आहे, पावसाळ्यापर्यंत ती जगवणं आमच्याच्यानं होणार नाही, असा मजकूर.

"चैताच्या उन्हात कुणी कलमं लावतं व्हय?" महिपती म्हणाला. "ऱ्हाऊ द्या, काकू. मी सांगून येतो."

धोंडाबाईही तेच म्हणणार होती. नवरा गेल्यावर तिनं वीस वर्षं एकटीनं मळा सांभाळला होता, वांग्या-मिरच्यांच्या पाट्या डोक्यावर वाहून पोरगा वाढवला होता. पण माघापासून अंगातलं बळच गेलं होतं. विहिरीमागच्या तुकड्यात संभाजीनं पौषात खणलेले चाळीस खड्डे तसेच उघडे होते. त्या बाजूला ती फिरकतही नव्हती.

चुलीपुढं बसलेली सून, कौसल्या, तिथूनच म्हणाली, "आत्या, आपुन आणू."

लग्नाला दोन वर्षं झालेली, विशीसुद्धा न गाठलेली पोर. दोन महिन्यांत तिनं आपणहून बोललेले हे पहिलेच शब्द. धोंडाबाईला नाही म्हणवेना.

महिपतीची बैलगाडी घेऊन तिघं बारामतीला गेली. बागेतल्या सिद्धू माळ्यानं गाडीत डोकावून विचारलं, "संभाजीराव न्हाय आलं?"

"त्यो आता न्हाय," धोंडाबाई म्हणाली.

सिद्धूनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग त्यानं त्यांना वाफ्याकडं नेलं. "दोन तास हिंडून एकेक निवडलं हुतं त्यांनी. ही त्यांचीच खूण."

प्रत्येक कलमाला हिरव्या चिंधीची गाठ होती. कौसल्यानं एक गाठ बोटात धरून पाहिली. "माझं जुनं लुगडं. सारं घर धुंडाळलं हुतं मी याच्यासाठी," ती हळूच म्हणाली, आणि वाकून सिद्धूच्या हातातली सुतळी घेऊन कामाला लागली.

मुळाशी मातीचा गड्डा राखून, त्यावर ओलं पाचट गुंडाळून एकेक कलम बांधून झालं. सिद्धूनं निघताना बजावलं, "धा दिसांत पानं गळतील. भिऊ नका. गळत्यात म्हंजी आत जीव हाय. वाळून फांदीलाच चिकटून राहिली, तर मातुर ते गेलं समजा."

ऊन कलल्यावर गाडी निघाली. वरून ओली गोणपाटं टाकली होती. वाटेवरच्या पिंपळी गावात एका विहिरीवर थांबून ती पुन्हा भिजवली. गचक्यानं कलमं एकमेकांवर घासू नयेत म्हणून कौसल्या सारी वाट गाडीत गुडघ्यावर बसून शेंडे सावरत होती.

दोन संध्याकाळी सासू-सुना खड्डे भरत होत्या. शेणखत, वर माती, मग कलम, शेजारी आधाराची काठी, भोवती आळं, आणि पश्चिमेच्या बाजूनं कडब्याची ताटवी. रोज दिवस मावळताना प्रत्येकाला एक घागर. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं; ओढता ओढता हात भरून येत. पण त्या कामात कौसल्या बोलू लागली. संभाजी कधी काय म्हणाला, कशावर हसला, ते ती सांगे. धोंडाबाईला आपल्याच लेकाच्या ठाऊक नसलेल्या गोष्टी कळत होत्या. दोघी एका ताटात जेवू लागल्या.

वैशाखात पानं गळाली. नऊ कलमांची पानं मात्र फांदीवरच करपली. एकतीस नुसत्या काड्या उरल्या.

त्याच सुमारास निरवांगीहून कौसल्याचे वडील, हिंदुराव आले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "पोरीचं सारं आयुष्य पडलंय, विहीणबाई. आपल्यात दुसरं घर करून द्यायची रीत हाय. इंदापूरकडचा एक माणूस बघितलाय. भला वाटतोय."

कौसल्या दारातून म्हणाली, "कलमं जीव धरत न्हाईत तवर मी हितनं हलणार न्हाय."

"मग फुटली की निरोप धाडा," म्हणून हिंदुराव गेले.

पंधरा दिवसांनी, उजाडता उजाडता, तिसऱ्या कलमावर धोंडाबाईला गव्हाएवढा पोपटी कोंब दिसला. तिचे डोळे भरून आले. आणि मग तिचा हात पुढं गेला. नखानं तिनं तो कोंब खुडला आणि मातीत दाबला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन खुडले. आठ दिवस ती सुनेच्या आधी उठून तेच करत होती. आपण काय करतोय, हे तिला कळत होतं. हात थांबत नव्हता.

नवव्या दिवशी ती वळली, तर मागं रिकामी घागर घेऊन कौसल्या उभी.

"मी..." धोंडाबाईनं मातीचं बोट पदराला पुसलं.

"मला ठाऊक हाय," कौसल्या म्हणाली. "चार दिस झालं बघतीया."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी एकट्या पडाल म्हणून."

धोंडाबाई बांधावर बसली. पोरीनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. धोंडाबाईचा नवरा गेला तेव्हा तिचाही भाऊ असाच न्यायला आला होता. ती गेली नाही. मांडीवर चार वर्षांचा संभाजी होता. हिच्या मांडीवर कोण होतं? ही आपल्या तोंडाकडं बघून राहील, आणि आपण मेल्यावर हिच्याकडं बघायला कुणी नसेल.

त्याच दिवशी तिनं महिपतीला निरवांगीला धाडलं. "सांग, कलमं फुटली."

कौसल्या दोन दिवस रडली, नको म्हणाली. धोंडाबाईनं ऐकलं नाही. ज्येष्ठात हिंदुराव गाडी घेऊन आले. पाया पडून उठताना कौसल्या म्हणाली, "सांजचं पाणी?"

"मी हाय की."

गाडी दिसेनाशी झाल्यावर धोंडाबाई विहिरीवर गेली. एकतीस घागरी एकटीनं ओतेपर्यंत अंधार पडला.

कौसल्या पुन्हा आली नाही. नव्या सासरच्या माणसांना ते रुचलं नसतं, आणि धोंडाबाईनंही कधी बोलावलं नाही. बाजाराच्या दिवशी बारामतीत हिंदुराव भेटत. "बरी हाय," म्हणत. तीही जास्त विचारत नसे. एकदा ते म्हणाले, मुलगा झाला.

"कुणावर गेलाय?"

"आईवर."

धोंडाबाईनं मान हलवली. गिऱ्हाईक समोर उभं होतं. तिनं तागडी उचलली आणि मिरच्या तोलायला घेतल्या.