पोटात दुखणाऱ्यांनी ओवा खावा

रत्नागिरीच्या माणसाने क्रूझला जाणं हा मुळात द्राविडी प्राणायाम आहे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. पण बोट धरायला आधी मुंबई गाठायची, मग त्या बोटीतून आपल्याच गावावरून पुढे गोव्याकडे जायचं, त्याच वाटेने मुंबईला परत यायचं आणि तिथून रेल्वेने पुन्हा रत्नागिरी. पण मुलीने हौसेने तिकिटं काढली होती, बोटीवरच्या इंटरनेटचेही पैसे भरले होते. मी नुकताच निवृत्त झालेलो. नाही म्हणायला मला काही वेड लागलं नव्हतं.

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा मात्र माझं डोकं तापलेलं होतं. कारण आमची भाऊकी.

मांडवीच्या बाजूला एका अंगणाभोवती आमच्या भाऊबंदांची घरं आहेत. लागूनचं घर चुलतभावाचं. मी त्याला दादा म्हणतो. सगळ्यांचा मिळून फोनवर एक ग्रुप. त्यात कोणाचं मांजर व्यालं तरी अभिनंदनाचा पाऊस पडतो. निघताना मी बोटीच्या शिडीवरचा फोटो टाकला तर अंगठे, फुलं, टाळ्या, सगळं आलं. दादाने तर ‘बोटीत उलटी झाली तर आमच्या नावाने बोंब मारू नको’ असं लिहिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून चिडीचूप. डेकवरचा फोटो, गवताच्या टोपीतला फोटो, बायकोचा हात धरून नाचतानाचा फोटो, कोळंबीने भरलेल्या ताटाचा फोटो. एकेक टाकत होतो आणि एक माणूस बोलत नव्हता.

मला राग फार लवकर येतो. शेवटच्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, ‘फोटो बघून ज्यांच्या पोटात दुखतंय त्यांनी ओवा खावा.’

थोड्या वेळाने एकच उत्तर आलं. दादाच्या बायकोचं, वहिनींचं. ‘छान आहेत फोटो भावोजी. मजा करा दोघांनी.’

“बघ,” मी गाडीत बायकोला म्हणालो, “सगळ्या भाऊकीत माणूस म्हणावं अशी एकटी वहिनी. बाकी सगळे जळके.”

“अहो, असतील कुठल्या कामात.”

“सगळेच? एकदम?”

पनवेल गेलं, रोहा गेलं, तरी माझं चालूच. खेडच्या पुढे गाडी क्रॉसिंगला थांबून राहिली, तेव्हा तर मी कोणी कोणाच्या लग्नात माझा कसा अपमान केला होता ते सगळं उकरून काढलं. बायकोने शेवटी डोळे मिटून घेतले. दादाचाही राग आलाच होता. म्हटलं, पहिल्या दिवशी चेष्टा करायला बरा पुढे आला, मग याला काय झालं? घरी गेल्यावर आठवडाभर त्याच्याशी बोलायचं नाही, असं मी चिपळूण यायच्या आत ठरवूनसुद्धा टाकलं.

रत्नागिरी स्टेशनच्या बाहेर आमच्या वाडीतला रिक्षावाला उभा होता. माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा ओळखीचा. त्याने बॅगा उचलल्या. मी जरा ऐटीत विचारलं, “काय रे, आम्ही येणार हे तुला कोणी सांगितलं?”

“वैनींनी पाठवलंनी.”

रिक्षा उतारावरून शहराकडे निघाली. मी त्याला बोटीवरचा पोहण्याचा हौद किती मोठा, सकाळी खायला किती प्रकार, ते सांगत होतो. अंगात माझ्या पोपटी फुलाफुलांचा शर्ट. त्याने रिक्षा रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून बसला.

“आता गप जरा बस. मला सांगूक सांगितलंनी, दारात जाऊन कळता नये म्हणून. तुझा दादा गेला. तुमची बोट सुटली त्याच रात्री. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत खलास. आज चौथा दिवस.”

बायकोने तोंडावर पदर घेतला. मी विचारलं, “मग मला कोणीच कसं नाही कळवलं?”

“वैनींनी सगळ्यांना बजावलंनी. भावोजींच्या कानावर गेलं की त्यांना सुतक लागणार, आणि भर समुद्रात ती दोघं करतील काय, उतरतील कुठे? कधी नव्हे ती गेलीत. परत आल्यावर सांगा. तुझ्या पोरीलाही फोन करून सांगून ठेवलंनी.”

सुतक कळल्यापासून लागतं, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. सगळी भाऊकी तोंड बांधून बसली होती ती माझी चार दिवसांची मजा मोडू नये म्हणून. घरात बिनफोडणीचं जेवत होती आणि त्यांच्या फोनवर माझी कोळंबी येत होती. आणि मी ज्या संध्याकाळी ओव्याचं लिहिलं, त्याच दिवशी सकाळी पोरांनी दादाच्या अस्थी आणल्या होत्या. अस्थी आणल्या त्या दिवशी त्या बाईने फोन हातात घेऊन, माझी समजूत काढायला, छान आहेत फोटो म्हणून लिहिलं होतं.

मी खिशातून फोन काढला आणि ओवा पुसला. पुसला म्हणजे काय, संदेश हटवल्याची ओळ तिथे उरलीच, आणि तिच्याखाली वहिनींचे शब्द. आता सगळ्यांना कळलं असणार की याला कळलं. रडू येत होतं, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. खरं सांगायचं तर दादा गेल्याच्या दुःखाआधी मला माझी अब्रू आठवली, आणि त्याचीही पुन्हा लाज वाटली.

अंगणात शिरताना बायकोने आपली पांढरी शाल माझ्या शर्टावर टाकली. तिच्यातूनही पोपटी दिसत होतंच. ओटीवर भाऊबंद बसले होते. मला वाटलं, कोणीतरी टोमणा मारेल, मी तसाच मारला असता. सगळे सरकले आणि मला बसायला जागा केली.

वहिनी आतल्या खोलीत दिव्याजवळ चटईवर होत्या. मी समोर जाऊन बसलो. कसाबसा म्हणालो, “वहिनी, मी ते ग्रुपवर... मला माहीत नव्हतं हो.”

“माहीत कसं असेल? मीच कळू दिलं नाही.” त्यांचा आवाज बसला होता. “तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका भावोजी. यांचं एकच म्हणणं असायचं, मला खांदा द्यायला आमचा हा भाऊ पाहिजे. ते राहिलं म्हणून मला लागून राहिलं होतं. पण सकाळी यांना नेलंनी ना, तेव्हा पोरांनी स्मशानातून बघितलंनी, लांब समुद्रात मोठी पांढरी बोट जात होती. पोरं घरी येऊन बोलली, तेव्हा मी सगळ्यांना म्हटलं, भावोजी आले. खांद्याला नाहीत, पण आले.”

आत येऊन उभे राहिलेले सगळे माझ्याकडे बघत होते.

“तुमचीच होती ना हो ती?”

आमची बोट रत्नागिरीवरून गेली ती रात्री, मी झोपेत असताना. त्या सकाळी ती गोव्याच्या धक्क्याला उभी होती, आणि मी ताट घेऊन रांगेत, पुढच्या माणसाने कोळंबी संपवली तर काय या काळजीत.

“होय वहिनी,” मी म्हणालो, “आमचीच.”

“मग तुम्हाला दिसली आपली रत्नागिरी?”

“दिसली.”

“बघा,” त्या ओल्या डोळ्यांनी बाकीच्यांना म्हणाल्या, “मी सांगत नव्हते?” आणि चार दिवसांत पहिल्यांदाच, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं, त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

मी मान वर केली नाही.