कुजबुजत झालेली मीटिंग

आमच्या ऑफिसात कागद येतात आणि पुढे सरकतात. किस्से मात्र येतात आणि इथेच मुक्काम ठोकतात. परवा मैत्रिणींना एक सांगायला बसले, तर चहाचे दोन राऊंड झाले तरी किस्से संपेनात. म्हटलं, लिहूनच टाकावं.

ऑफिस म्हणजे आमच्या खासदार ताईंचं परभणीतलं संपर्क कार्यालय. ताई दिल्लीत संरक्षणाच्या समितीवर आहेत, विजेच्या विषयावर सभागृहात तुटून पडतात. त्यांच्यासाठी माहिती काढून प्रश्न लिहायचे, हे माझं काम. पण नेमणूक तीन महिन्यांच्या ‘बघू’वर! कारण सोबत आठ महिन्यांची लेक चिमी, घरी सांभाळायला कुणी नाही. चिमी रडली की वाटायचं, गेली नोकरी. ती हसली तरी मला तेच वाटायचं.

*

पहिल्याच आठवड्यात देवगाव फाट्याकडचे एक मामा आले. म्हणाले, "आमचा लाइटीचा डीपी जळालाय, ताईला सांगा."

ऑफिसातले सगळ्यांत जुने गंगाधरकाका ऐटीत म्हणाले, "मामा, ताई आता देशाचं संरक्षण बघायल्यात."

"मंग तर लय बरं झालं! डीपीतलं तेल चोरीला जायलंय. दोन जवान बसवा तिथं!"

मी वहीत लिहून घेतलं, ‘दोन जवान’. खोडायचं धाडस झालं नाही.

*

पूर्णेहून एक मावशी आल्या. मुलगा सीमेवर, लग्न तोंडावर, आणि टीव्हीवर दिवसभर तणावाच्या बातम्या. त्या थेट ताईंनाच म्हणाल्या, "तुमी त्या कमिटीत हाव ना? मग लढाई करायचीच असंल तर लग्नानंतर ठेवा म्हणावं. हॉल बुक हाय!"

"रजेसाठी पत्र देते मावशी. लढाईचं माझ्या हातात नाही."

"मग कमिटीत करता तरी काय?"

रजा मिळाली. मावशी पेढे घेऊन आल्या. चिमीने एक चाटला आणि मी लगेच डॉक्टरांना फोन लावला!

*

संसदेतले प्रश्न आम्ही ऑनलाइन भरतो. ओटीपी येतो ताईंच्या मोबाईलवर. त्या दिवशी सकाळी दहाची मुदत, ताई पाथरीत भूमिपूजनाच्या स्टेजवर, मोबाईल सोबत गेलेल्या काकांच्या खिशात. मी काकांना फोन लावला.

"काका, ओटीपी सांगा लवकर."

"न्हाई."

"अहो, मी मीनल बोलतेय!"

"आवाज वळखलाय. पण बँकेनं बजावलंय, वळखीच्यालाबी सांगायचा न्हाई."

"काका, प्रश्न देशाच्या सायबर सुरक्षेवर आहे!"

"मग तर मुळीच न्हाई!"

मुदत गेली. ताई मला एवढंच म्हणाल्या, "हं." माझ्या तीन महिन्यांतले आठ दिवस उरले होते. त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात त्यातले चार गेले.

*

आणि मग ती मीटिंग. पाथरी तालुक्यातले पंधरा-वीस शेतकरी, समोर वीज कंपनीचे इंजिनीअर, मध्ये ताई. विषय, शेतीपंपाला दिवसा लाइन. मागच्या वेळी याच विषयावर खुर्ची फेकली गेली होती म्हणे! आणि चिमीला नेमके दात येत होते. सकाळपासून रडून रडून ती ताईंच्या टेबलामागच्या झोळीत तेव्हाच कुठे झोपली होती.

तिला उचलायला मी धावले. ताईंनी हातानेच थांबवलं आणि सगळ्यांकडे बघून कुजबुजल्या, "लेकरू झोपलंय. हळू."

पुढचा दीड तास अख्खी मीटिंग कुजबुजत झाली! ऐकू यावं म्हणून सगळे खुर्च्या उचलून जवळ आले, आणि एका वेळी एकच जण बोलू लागला. एरवी शिवारभर आवाज जाणारे बाबाराव मुठी आवळून पुटपुटले, "सायेब, रातच्या लाइनीवर एकदा तुमी या पाणी द्यायला. साप-इंचू दाखवतो."

साहेब तितक्याच हळू म्हणाले, "लोड बसत नाही हो."

बाबारावांना एक शिवी अगदीच आवरेना. ते उठले, साहेबांच्या कानाशी गेले, ती तिथे दिली आणि परत जागेवर येऊन बसले.

साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

शेवटी कागदावर सही झाली. सोमवारपासून दिवसा लाइन! टाळ्यासुद्धा बोटांनीच वाजल्या. लोक चपला हातात घेऊन बाहेर पडले.

मी झोळीपाशी उभी होते. ताई सरळ माझ्याकडेच आल्या. वाकून झोळीत डोकावल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "पुढची मीटिंग खतांवर आहे, त्यात जास्त भांडतात. ही किती वाजता झोपते, ते काकांना लिहून दे."