ट्रकची अंघोळ

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ट्रकमध्ये मुंबईला जायचा झेंडू भरलेला, आणि गिअर पडेना. ऑटोमॅटिक गिअरचा ट्रक माझ्याच हट्टाने घेतलेला, त्यामुळे मी लगेच ड्रायव्हरला दोष दिला. आडगाव नाक्यावरून एक इलेक्ट्रिशियन आला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही. दातांत टेस्टर धरून तो ट्रकभोवती फिरला. मग टेस्टर काढून म्हणाला, "ताई, एवढ्यात गाडीचे काय लाड केले?"

"उद्याच्या पूजेसाठी धुतली. खालूनसुद्धा. प्रेशरचा पाइप मी स्वतः धरला होता," मी अभिमानाने सांगितलं.

ड्रायव्हर आभाळाकडे बघायला लागला.

इलेक्ट्रिशियन ट्रकखाली सरपटला. गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरींचा एकेक जोड तो सोडायचा, हुंगायचा, फुंकायचा. एका जोडातून पाणी गळलं. "हे घ्या तीर्थ!" तो खालून ओरडला. माझ्या हेअर ड्रायरने त्याने तो जोड वाळवला, परत बसवला, आणि गिअर पडला. झेंडू वेळेत निघाला.

त्याची स्कूटर चिखलाने माखलेली होती. मला राहवलं नाही.

"उद्या दसरा आहे. ही तरी धुवा."

"नको ताई," तो म्हणाला, "ही पहिल्या किकला सुरू होते."