पाण्यापलीकडचे मामा

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका संशयी माणूस आपल्या अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि असलाच, तर मामांना त्याच्यावर आधीपासून संशय असेल. आमचं लग्न ठरलं तेव्हा ते माझ्या सावेडीतल्या फ्लॅटची पाहणी करायला आले होते. सगळे नळ सोडून बघितले, भिंतींवर बोटांनी टकटक केली आणि माझ्या आईने पुढे केलेल्या चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "भित पोकळ वाजती. मानसं कशी हायती, ते कळंल हळूहळू." त्याला आता पंधराएक वर्षं झाली. अजून त्यांना ते पुरतं कळलेलं नाही.

मामांचं गाव शेवगावच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यात. गाव कसलं, पाण्यातून वर आलेली एक उंचवट्याची जमीन, तिच्यावर मूठभर घरं, कांद्याची आणि उसाची शेतं, आणि म्हशी. ऐन उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चिखलातून एक वाट उघडी पडते. एरवी दूध, खत, पाहुणे आणि आजारी माणसं, सगळं होडीतून जातं-येतं. असल्या ठिकाणी संशय घ्यायला माणसं तरी किती मिळणार, असं तुम्हाला वाटेल. पण मामांना माणसांवाचून अडत नसे. मोबाईल पाऊस सांगतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "त्याला काय मिळतं त्यात?" हिवाळ्यात फुगवट्यावर लांबचे पक्षी उतरतात. मामा त्यांच्याकडेही डोळे बारीक करून बघत. "एवढ्या लांबून आलेत. तिकडं काय कमी हुतं?" आणि त्या पक्ष्यांचे फोटो काढायला पुण्याहून माणसं आली, की मामा दिवसभर त्यांच्या मागेमागे. पाखरं बघायला कुणी गाडीचं पेट्रोल जाळत नाही, हे लोक जमीन बघायला आलेत, अशी त्यांची खात्री. एकदा पुलासाठी मोजणी झाली. लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. मामा रोज संध्याकाळी जाऊन त्या खुंट्या जागेवर आहेत ना, हे बघून येत. पूल आलाच नाही. याचं दुःख साऱ्या गावाला झालं. मामांना मात्र जरा बरं वाटलं असावं.

या स्वभावाचं मूळ मला बायकोने सांगितलं. मामा लहान असताना धरणाचं काम चालू होतं. कुणी एक साहेब आला, बांधावरच्या बाभळीकडे बोट करून म्हणाला, पाणी इथवर येईल, याच्या वर नाही. मामांच्या वडिलांनी त्याला जेवू घातलं आणि निर्धास्त राहिले. पाणी बाभळीवरून गेलं, घरावरून गेलं. वडील वर टेकाडावर नवं घर बांधत असताना हा पोरगा दगड उचलून देत होता. तेव्हापासून मामांनी कुणाच्या बोटाकडे सरळ मनाने बघितलं नाही.

खरा पेच आला तो त्यांच्या मुलाच्या, दत्ताच्या लग्नाचा. दत्ता गावात उरलेला शेवटचा लग्नाचा मुलगा. बाकीचे एकेक करून पुण्याकडे गेले. पोरगा कष्टाळू, पण बेटावर मुलगी द्यायला कुणी तयार होईना. पाहुणे येत, होडीत बसताना एकमेकांचे हात घट्ट धरत, चहा पीत आणि "कळवतो" म्हणून जात. अशी वर्षं गेली. मग पाथर्डीकडच्या एका ऊसतोड कुटुंबातून निरोप आला, की आमच्या मनीषाला स्थळ पसंत आहे. मामांची झोप उडाली. "जावई, हितं राजीखुशीनं कोन येतं? काय तरी भानगड हाय."

माझ्याकडे स्कूटर होती, म्हणून चौकशीच्या कामावर माझी नेमणूक झाली. आधी आम्ही घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलो. म्हैस बघतो असं दाखवत मामांनी मुलीच्या गावचा माणूस हुडकून काढला, म्हशीचे दात बघताबघता मुलीची सगळी माहिती काढली. बारावी झालेली, कामाला वाघीण, बोलायला चोख. वाईट शब्द एकही नाही. मामा आणखीच घाबरले. "एवढं चांगलं कुनीच नसतं," असं म्हणून त्यांनी मला स्कूटर तशीच पुढे त्या गावी घ्यायला लावली.

गावात टँकर आला होता आणि बायकांची झुंबड होती. एका मुलीला मामांनी मनीषाच्या घरचा पत्ता विचारला. तिने हंडा खाली ठेवला, आम्हाला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमी दत्ताचे वडील. मीच मनीषा." घरी नेऊन तिने आम्हाला पाणी दिलं. आईबाप कामावर गेले होते. मामा इकडचं तिकडचं बोलू लागले, तशी ती शांतपणे म्हणाली, "मामा, काय विचारायचं ते मलाच विचारा."

मामांनी तांब्या हातातच धरला. "आमच्याकडं रस्ता न्हाई, दवाखाना न्हाई. तुला का यायचंय?"

"दिवाळी झाली की आमचं घर टेम्पोत," ती म्हणाली. "उसाच्या फडावर पाचटाची कोपी बांधायची, हंगाम सरला की मोडायची. बारावीबी मी मावशीच्या घरी राहून केली. मला एका जागी ऱ्हायचंय. तुमच्या गावाला कुनी येत न्हाई म्हनं. मग तिथनं उठवायबी कुनी येनार न्हाई."

मामांनी तांब्या खाली ठेवला आणि उठले. परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता गेल्यावर मागून आवाज आला, "पोरगी खरं बोलती." थोड्या वेळाने पुन्हा, "न्हाई तर खोटं लई चांगलं येत असंल तिला."

लग्न झालं. मनीषा महिन्याभरात होडी वल्हवायला शिकली. ती दूध घेऊन पलीकडे गेली, की मामा काठावर उभे. होडी नवी आहे, तिच्यावर नजर ठेवतो, असं सांगायचे. होडी दत्ताच्या लग्नाआधीपासून तीच होती. मग नात झाली. तिला मात्र मामांनी कधी तपासून घेतलं नाही. ती म्हणेल ते खरं.

नात शाळेत जायच्या वयाची होता होता गावातली शाळा बंद झाली. मुलंच उरली नव्हती. गुरुजींची बदली झाली आणि खोलीला कुलूप लागलं. दत्ता म्हणाला, शेवगावात खोली घेऊ. मनीषाने साफ नकार दिला. "मी आता उठायची न्हाई," एवढंच म्हणायची. घरात काही दिवस अबोला होता. मी तेव्हा तिथेच होतो. एका सकाळी मामा चुलीपाशी येऊन बसले आणि सुनेला म्हणाले, "उठवतंय कोन तुला? पोरीला शिकवाया जायचं. दत्त्या म्हशीला येऊन-जाऊन करंल. शनवारी समदी घरी या. घर मी राखतो." मनीषा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "तुमी एकटं ऱ्हाल?" मामा म्हणाले, "मला काय हुतंय."

आता ती तिघं शेवगावात असतात. परवाच्या रविवारी मी बेटावर गेलो होतो. दुपार कलल्यावर तिघं परत जायला होडीत बसली. नात हात हलवत होती. मामांनी हात वर केला तो होडी पलीकडे लागेपर्यंत खाली घेतला नाही. मग आम्ही घराकडे वळलो. मामा माझ्या पुढे चालत होते. ओट्याशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावई, उद्या कचेरीला लई निकडीचं काम न्हाई ना? आजची रात ऱ्हावा. चहा मी करतो."

त्यांनी चहा केला. साखर फार पडली होती. आम्ही दोघं ओट्यावर बसून पाण्याकडे बघत तो सावकाश पीत राहिलो.