माहेरची नळी

जगात भरवशाची अशी एकही रबरी नळी नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा ते आमच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटवर आले तेव्हा चहा पुढं आला, पण स्वारी बसायलाच तयार नाही. थेट स्वयंपाकघरात शिरून, ओट्याखाली वाकून, गॅसची नळी दोन बोटांत दाबून बघतायत. "पावणं, ही कवा बदलल्याली?" मला कुठलं आठवायला! त्यांनी लेकीकडं असं पाहिलं, जणू मी तिला विहिरीच्या कठड्यावर झोपवत होतो. मग स्वतः बाजारात जाऊन नवी नळी आणली, बसवली, साबणाचा फेस लावून तपासली, आणि मगच बशीत चहा ओतला. पुढं एकदा मिरजेला दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं होतं, तर तिथंही सिस्टरला म्हणाले, "आवं बाई, नळी मऊ हाय न्हवं? कडक झाली की दगा देती." सिस्टर हसली. ते हसले नाहीत. नळीच्या बाबतीत ते कधीच हसत नसत.

उभी हयात त्यांनी लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर जतच्या पलीकडं, आपल्या माळावर येऊन एक जुनी डिझेलची पिकअप घेतली. त्या पिकअपवर त्यांचा इतका जीव, की माझ्या सासूबाई तिला सरळ "सवत" म्हणत. जेवताना मधेच घास हातात धरून ते नाक वर करत, म्हणत, "वास येतोय," आणि उठून अंगणात गाडीखाली आडवे होत. मी त्यांच्या तावडीत सापडलो की वर्षातून एकदा तरी धडा ठरलेला. "टाकीतनं इंजनाकडं डिझेल नेती ती सासरची नळी. उरल्यालं डिझेल परत टाकीत आणती ती माहेरची. लोक सासरचीच बदलत्यात. माहेरची झिजली तर कुणाचं ध्यान न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज इतका गंभीर व्हायचा, की मी बँकेतला शहाणा माणूस, पण मुकाट्यानं मान हलवायचो. माहेरच्या नळीला ओळखीसाठी ते लाल दोरा बांधत.

पंचमीला लेकीला न्यायला मुराळी म्हणून खरं तर भावानं यायचं. पण आमच्याकडं लग्न झाल्यापासून दरवर्षी आप्पाच, म्हणजे सासरेच, आले, आणि तेही पिकअप घेऊनच. आमची चांगली चारचाकी खाली उभी असायची, तरी आमची ही त्या कडक सीटवर बसून माहेरी जाणार! गाडी हिलाही येते, त्यांनीच शेतात शिकवलेली, नळ्यांच्या धड्यासकट. पण पंचमीला चाक हिच्या हाती द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. "मुराळ्यानं चालवायची, लेकीनं बसायचं." गेल्या वर्षी कवठेमहांकाळच्या पुढं नळी तडकली आणि ही दोन तास उन्हात बसली. तेव्हा माझ्या मेव्हण्यानं बापाला तोंडावर सांगितलं, "आप्पा, आणि एकदा गाडी वाटंत थांबली तर ती भंगारात, आन् फुडच्या पंचमीला मी जाणार." आप्पा उठून नळीच बघायला गेले होते. पण हिच्याकडं यायचा हक्क आपल्या हातून जाणार, ही धास्ती त्यांच्या मनात वर्षभर होती, हे मला नंतर कळलं.

यंदा ते दोन्ही नव्या नळ्या सोबत घेऊनच आले. "हितं बदलतो, पावण्यांच्या डोळ्यांदेखत. म्हंजी शंका नगं." आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यांनी पोतं अंथरलं आणि गाडीखाली गेले. मी बाहेर क्लिपा घेऊन उकिडवा. जुन्या नळ्या वर्षभरातच कडक झालेल्या. नेहमी तासाभराचं काम, पण यंदा क्लिप दोनदा हातातून पडली. मधेच ते नुसते पडून राहिले. मी "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई, इचार करतोय." अखेर नळ्यांतली हवा काढली, चावी फिरवली, आणि इंजिन धडाडलं. आप्पांचा चेहरा असा फुलला, की मला उगीचच भरून आलं. हिनं पिशव्या ठेवल्या. गाडी फाटकापर्यंत गेली, दोन आचके दिले, आणि बंद पडली.

ते चावी फिरवतच राहिले. ही खाली उतरली, चांगल्या साडीनिशी पोत्यावर आडवी झाली, आणि गाडीखालूनच हळू म्हणाली, "आप्पा, माहेरची सासरी गेलीया." टाकीच्या तोंडाशी दोन्ही नळ्यांची अदलाबदल झाली होती. परतीचं तोंड टाकीत आखूड असतं. ते डिझेलपर्यंत पोचतच नव्हतं; आत उरलेलं डिझेल फाटकापर्यंत पुरलं, मग इंजिन हवाच ओढत होतं. लाल दोरा त्यांच्या वरच्या खिशात तसाच होता.

"मी लावली व्हय?" आप्पा म्हणाले. "मी?" ते आपल्या हातांकडं बघत होते. मी फाटकाकडं तोंड फिरवलं. माझी छाती झाली नाही बघायची.

हिनं नळ्या अदलाबदल करून लावल्या, पुन्हा हवा काढली, दोरा मागून घेऊन बांधला. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. आप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. ही पदराला हात पुसत म्हणाली, "व्हय दादा, नळ्या बदलून झाल्या. निघालोच. गाडी थांबतीया कशाला? मी चालवतीया." फोन ठेवून तिनं हात पुढं केला. आप्पांनी बराच वेळ चावी मुठीत धरली. मग तिच्या तळव्यावर ठेवली, आणि वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले.

गाडी सुरू झाली, आचका न देता. खिडकीतून ते मला म्हणाले, "यंदा मुराळीबी बदलला, पावणं." त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

मी वर आलो. घर सुनं होतं. कशासाठी कोण जाणे, मी ओट्याखाली वाकलो आणि गॅसची नळी दोन बोटांत दाबून पाहिली. चांगली मऊ होती. तरी पुढच्या पंचमीला त्यांना एकदा दाखवायला हवी. गाडी कुणी का चालवेना, पण ते आले पाहिजेत.