गॅरेजवरची खोली

ओठांवर बोट ठेवायचं, मान वळवून एकदा दाराकडे बघायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही त्यांची पद्धत. "दादांना सांगू नका हं," हे त्यांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य. मी तेव्हा ठाण्यात, स्टेशनजवळच्या एका माडीवर बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढून देत असे. हे गृहस्थ आले होते कल्याणहून. त्यांचे दादा होते कल्याणात, घरी. मी ना यांना ओळखत होतो, ना दादांना. तरी दाराकडे बघणं काही चुकलं नाही.

"कल्याणात नकाशेवाले नाहीत का?" मी विचारलं.

"आहेत की. पण ते सगळे दादांना ओळखतात."

असा माणूस तुमच्याही ओळखीत एखादा असेल. चांगलं काम करायचं, पण चोरी करत असल्यासारखं करायचं. अशा माणसांचा राग येतो आणि तो फार वेळ टिकत नाही, हाच त्रास.

त्यांचं काम दिसायला लहान होतं. कल्याणचं त्यांचं घर त्यांनी एका डॉक्टरांकडून घेतलं होतं. डॉक्टरांची मोटार होती, म्हणून घराच्या कुशीला एक गॅरेज होतं. यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. गॅरेजमध्ये सरपण, कोळशाचं पोतं आणि मुलाचा जुना पाळणा. त्या गॅरेजवर त्यांना एक खोली चढवायची होती, दादांसाठी.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. कराचीत गोदीच्या कचेरीत नोकरीला होते, तिथं त्यांचं स्वतःचं दुमजली घर होतं. फाळणी झाली आणि ते बोटीनं एक ट्रंक घेऊन मुंबईला उतरले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. धाकट्या भावाच्या ओटीवर गोणपाटाचा पडदा लावून त्यांची खाट टाकली होती. तक्रारीचा एक शब्द नाही. पाणी हवं असलं तरी आधी खाकरायचे, मग आत यायचे.

"माझ्या घरात दादा खाकरतात हो," ते मला म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मी नकाशा काढला आणि तो कल्याणच्या नगरपालिकेतून नामंजूर होऊन परत आला. येणारच होता. घराच्या बाजूला शेजाऱ्याच्या हवा-उजेडासाठी मोकळी जागा सोडायची, हा नियम. त्या मोकळ्या जागेत बुटकं गॅरेज चालतं, पण त्याच्यावर माणसाला राहायला खोली चालत नाही. तिथले ओव्हरसियर शांत गृहस्थ होते. रोज तेच तेच समजावून त्यांचा आवाज पार बसला होता. "मोटार खाली झोपली तर शेजाऱ्याचं काही अडत नाही. माणूस वर झोपला की अडतं," ते म्हणाले.

ज्यांचं अडणार होतं ते शेजारी म्हणजे आगरी समाजातले एक म्हातारे. ही सगळी जमीन एकेकाळी त्यांचीच. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते अंगणात जाळं विणत होते. "बांधा की," ते म्हणाले. "वारा मना खाडीवरशी येतो, यांच्या गॅरेजीवरशी नाय." आम्ही खूश होऊन कचेरीत गेलो. ओव्हरसियर म्हणाले, "नियम त्यांच्यासाठी नाही, त्यांच्या जागेसाठी आहे. उद्या ते विकून गेले तर?" आम्ही चहा पिऊन परतलो.

मग खोली हद्दीपासून आत घेतली. ती अरुंद झाली. मग गॅरेजच्या पातळ भिंतींना वरचा भार पेलणार नाही असा शेरा आला, म्हणून खांब घातले. खोली आणखी आखडली. सिमेंट तेव्हा परमिटावर मिळायचं आणि मंजुरी असल्याशिवाय परमिट मिळायचं नाही. यात वर्षं गेली. आजूबाजूच्या लोकांनी रातोरात पत्रे ठोकून खोल्या उठवल्या. मीही एकदा वैतागून म्हणालो, "तुम्हीही तसंच करा ना."

"नको. उद्या कुणी पाडायला आलं तर? दादांना एकदा घर सोडावं लागलंय. पुन्हा त्यांच्यावर ती वेळ माझ्या हातून नको."

मी पुन्हा कागद पसरला.

शेवटी गाडी अडली जिन्यावर. ओव्हरसियरांनी स्वतःच तोड सुचवली होती. "जिना स्वयंपाकघरातून वर घ्या. म्हणजे घराचाच भाग झाला. उद्या सही करतो."

आमचे गृहस्थ ताडकन म्हणाले, "आतून नको."

"अहो, का नको?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, दाराकडे पाहिलं. "वर जायला-यायला त्यांना आमच्या स्वयंपाकघरातून जावं लागेल. म्हणजे पुन्हा खाकरणं आलं. त्यांना स्वतःचं दार हवं."

बाहेरून जिना घ्यावा तर तो पुन्हा त्या मोकळ्या जागेत. त्या दिवशी मी खरंच थकलो होतो. परतताना स्टेशनवरच्या बाकावर बसून मी त्यांना चिडून विचारलं, "तुम्ही एकदा दादांनाच का विचारत नाही? कदाचित त्यांना आतला जिना चालेल."

त्यांनी नजर रुळांकडे वळवली. मग म्हणाले, "वडील गेल्यावर मला दादांनी कराचीला नेलं, शिकायला. पोचलो त्याच दिवशी मला माडीवर घेऊन गेले. हातात हातोडी दिली, खिळे दिले. म्हणाले, ही खोली तुझी, हवा तिथं खिळा ठोक. त्या माणसाला मी काय सांगू? ही खोली घ्या म्हणू? मी कोण त्यांना देणारा?"

तोड मग मलाच सुचली. जिना गॅरेजच्या आतूनच वर न्यायचा. गॅरेजचं रस्त्याकडचं दोन फळ्यांचं दार हेच दादांचं दार. ओव्हरसियरांनी नकाशा उलटसुलट पाहिला. "मग मोटार कुठं उभी करणार?"

"मोटार नाही माझ्याकडे."

"पण गॅरेज आहे ना! गॅरेज म्हटलं की मोटारीला जागा दाखवायलाच हवी."

मी तिथंच टेबलावर वाकून जिन्याशेजारी पेन्सिलीनं एक छोटी मोटार काढली. चार चाकं, एक दिवा. ओव्हरसियर बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मंजुरी मिळाली.

खोली झाली. एक खाट, एक खिडकी आणि उभं राहून धोतर नेसण्यापुरती जागा. सत्यनारायणाला मला बोलावलं होतं. घरात सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की वरची खोली पुढेमागे लागेल म्हणून बांधली. प्रसाद झाल्यावर ते दादांसमोर उभे राहिले. माझा जीव मुठीत. आता सांगतील, मग सांगतील.

"दादा, वर वारा बरा येतो. तुमची ट्रंक वर नेऊन ठेवलीय."

"बरं," दादा म्हणाले.

संपलं! मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "अहो, सांगा ना नीट!"

"सांगायचं काय त्यात? कळलं असेल त्यांना," ते म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता. त्यानंतर ठाण्याला आले की माझ्याकडे डोकावत. "दादा आता खाकरत नाहीत," एवढं सांगून निघून जात. मला तेवढ्यासाठी हातातलं काम थांबवावं लागे, आणि मी ते थांबवत असे.

पुढे एका हिवाळ्यात ते गेले. कचेरीतून आले, हातपाय धुवायला बसले आणि उठलेच नाहीत. थोरल्याच्या आधी धाकटा. मी भेटायला गेलो तेव्हा दादांनी मला वर बोलावलं.

मी त्या खोलीत पहिल्यांदाच नीट बसलो. चुन्याच्या भिंती कोऱ्या करकरीत होत्या. ना तसबीर, ना खुंटी, ना कॅलेंडर. दादांचा कोट घडी करून ट्रंकेवर ठेवलेला, टोपी त्याच्यावर. उतारूंच्या खोलीत माणूस सामान ठेवतो तसं. इतकी वर्षं ते तिथं राहत होते.

"नकाशा तुम्हीच काढलात ना?" दादांनी विचारलं. "एक विचारू? ही खोली त्यानं कुणासाठी बांधली? मी धरून चाललो होतो, मुलाच्या लग्नासाठी. मी आपला तोवर. मुलाचं लग्न झालं, तो नोकरीवर नागपूरला गेला, तरी मला कुणी खाली बोलावलं नाही. विचारायचं कसं, म्हणून मी राहिलो."

माझ्या डोळ्यांसमोर ते ओठांवरचं बोट आलं. मी सवयीनं दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"तुमच्यासाठी," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून तुमच्यासाठीच. जिना स्वयंपाकघरातून घेतला असता तर परवानगी केव्हाच मिळाली असती. तुम्हाला स्वतःचं दार हवं, म्हणून त्यांनी एवढी वर्षं खेटे घातले."

भिंतीवरून दादांनी हात फिरवला, खिडकीपासून दारापर्यंत. मला तिथं बसवेना, मी उठलो.

जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी खाली हाक मारली, धाकट्या भावाच्या बायकोला. "कुसुम, अगं, घरात हातोडी आहे का?"

मी खाली उतरलो. नकाशात मी जिथं मोटार काढली होती तिथं अजून सरपणच रचलेलं होतं. कुसुमवहिनी हातोडी आणि मूठभर खिळे घेऊन माझ्या अंगावरून वर गेल्या. मी दोन फळ्यांचं दार लोटून रस्त्यावर आलो, चार पावलं गेलो आणि थांबलो. वर खिळा ठोकल्याचा आवाज येत होता.